पडणे-प्रतिबंधक तंत्रज्ञान, ज्येष्ठांसाठीचे

ज्येष्ठ व्यक्तींचा तोल व पायांतील बळ टिकावे, पडणे टळावे आणि पडल्यास मदत लवकर पोचावी, यांसाठी वापरली जाणारी उपकरणे, संगणकीय खेळ व व्यायामप्रणाली. ‘पतनप्रतिबंध’ असाही शब्द योजता येईल. पण मराठीत ‘पतन’ म्हटले की आधी चारित्र्य आठवते, गुडघे नव्हेत. म्हणून येथे ‘पडणे’ हाच साधा शब्द ठेवला आहे.

१९८७ मध्ये केलॉग आंतरराष्ट्रीय कार्यगटाने केलेल्या व्याख्येनुसार नकळत जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर येणे म्हणजे पडणे. जोराचा आघात, शुद्ध हरपणे, पक्षाघात किंवा अपस्माराचा झटका यांमुळे झालेले पडणे तीत धरत नाहीत. पुढील बऱ्याच पाहण्यांनी ही वगळणूक पाळली नाही, त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशी ताडताना सावध राहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पासष्टीपुढील २८ ते ३५ टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात. सर्व वयांत मिळून पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० मृत्यू होतात आणि त्यांत साठीपुढील लोकांचे प्रमाण सर्वाधिक असते.

गळ्यात घालायच्या मदत-बटणाचे जनकत्व वादग्रस्त आहे. जर्मन लेखनात ते १९७० च्या दशकाच्या आरंभी विल्हेल्म हॉर्मान यांच्याकडे दिले जाते, तर अमेरिकी लेखनात १९७४ च्या सुमारास ‘लाइफलाइन’ कंपनी काढणारे मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिब्नर यांच्याकडे. दोघांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली असावी, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. पाऊलमापकाचा वंश याहून जुना. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत तशा यंत्राची आकृती आढळते. ते पुढे कितपत घडवले गेले, हा वेगळा प्रश्न. आजच्या सवयीचा उगम मात्र १९६५ च्या सुमारास जपानमधील यामासा कंपनीने विकायला काढलेल्या ‘मानपो-केई’ या उपकरणात आहे. या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’. म्हणजे हा लोकप्रिय आकडा वैद्यकातून कमी आणि विक्रीतून अधिक आलेला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या अमेरिकी स्त्रियांच्या २०१९ मधील अभ्यासात रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्युदर कमी आढळला. सुमारे ७,५०० पावलांपुढे आणखी लाभ दिसला नाही.

पडणे ओळखणाऱ्या घड्याळात वेगातील बदल टिपणारा त्वरणमापक व वळण्याचा वेग टिपणारा भ्रमणमापक असे दोन संवेदक असतात. देह कोसळताना त्वरणाचे माप क्षणभर शून्याकडे झुकते, आदळताच उसळी घेते आणि नंतर मनगट निश्चल राहते. हा क्रम जुळला की घड्याळ विचारणा करते आणि उत्तर न आल्यास मदतीचा संदेश पाठवते. ॲपलने ही सोय २०१८ मध्ये आपल्या घड्याळाच्या चौथ्या श्रेणीत आणली. हा क्रम ओळखणाऱ्या गणनपद्धती बहुधा तरुण स्वयंसेवकांनी गादीवर मुद्दाम घेतलेल्या पडण्यांवर बेतलेल्या असतात. भिंतीला धरत हळूहळू घसरलेले म्हातारे माणूस त्यांच्या नजरेतून सुटू शकते. शिवाय आंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवायची सवय पुष्कळांना असते, आणि मोरीतली ओली फरशी ही तर घरातली घसरण्याची हमखास जागा. मुळात हे उपकरण पडल्याची वर्दी देते, पडणे थांबवत नाही. बाजारात त्यालाही ‘प्रतिबंधक’ म्हणतात, हे सैल वाटते.

खरा प्रतिबंध व्यायामात आहे. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात विकसित झालेल्या ओटॅगो कार्यक्रमात घोट्याला वजन बांधून पायांचे व्यायाम, तोलाचे व्यायाम आणि चालणे यांची घरीच सांगड घातली जाते. त्याच्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलेले दिसले. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ मधील १०८ चाचण्यांच्या आढाव्यात सर्व प्रकारचे व्यायाम मिळून ही घट २३ टक्के आली. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते, असे मात्र त्यातून सिद्ध झाले नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी हृदयाला आणि गप्पांना पोषक खरी, पण सपाट वाटेवर तोलाची कसोटी फारशी लागत नाही. लहानपणीची लंगडी या दृष्टीने अधिक शास्त्रीय होती; उतारवयात ती खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभे राहण्यापुरती उरते.

व्यायामात गोडी राहावी म्हणून खेळांचा आधार घेतला गेला. वर उभे राहून खेळायचा निन्टेंडोचा तोलफलक २००७ मध्ये, तर देहाच्या हालचाली टिपणारा मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट २०१० मध्ये आला. दोन्ही मूलतः करमणुकीसाठी होते. पुनर्वसनतज्ज्ञांनी ते उसने घेतले. पडद्यावरील खुणेनुसार चटईवर पाऊल टाकायचे खेळ ऑस्ट्रेलियात खास ज्येष्ठांसाठी बनवले गेले. तेथील ‘स्टँडिंगटॉल’ ही टॅबलेटवरील व्यायामप्रणाली सत्तरीपुढील ५०३ जणांवर दोन वर्षे तपासली गेली. पहिल्या वर्षाअखेर ठळक फरक आढळला नाही. दोन वर्षांत इजा करणारी पडणी घटली. चिकाटीने वापर चालू राहणे हाच या साऱ्या साधनांचा कच्चा दुवा आहे.

मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या वार्धक्यविषयक दीर्घकालीन पाहणीत ४५ वर्षांपुढील ७२,००० हून अधिक लोकांना पडण्याविषयी विचारले गेले, तसेच मुठीची पकड, तोल व चाल यांची मोजणीही झाली. राष्ट्रीय ज्येष्ठ आरोग्य कार्यक्रमातील एक प्रादेशिक केंद्र जे. जे. रुग्णालयात आहे. यंत्रांपुढची शहरी अडचण जागेची. किनेक्टला एका खेळाडूसाठी सुमारे १.८ मीटर मोकळे अंतर लागे; बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत पलंग, कपाट आणि माणसे मांडल्यावर ते निघणे कठीण. त्या मानाने १९९१ पासून रूढ असलेली ‘उठा-चाला’ चाचणी सोयीची. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास धोका संभवतो. फोनमधले घड्याळ तिला पुरते आणि ती चाळीच्या गॅलरीतही घेता येते, फक्त दारापुढच्या चपला आणि बादल्या आधी बाजूला कराव्या लागतात.