कमांड हिस्टरी (बॅश शेल)

कमांड हिस्टरी म्हणजे युनिक्स शेलने (कमांड घेऊन त्या चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) ठेवलेली, वापरकर्त्याने टाकलेल्या कमांडची क्रमवार नोंद. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बर्कली येथे बिल जॉय यांनी लिहिलेल्या सी शेलमुळे ही सोय रूढ झाली. उद्गारचिन्ह टाकून जुनी कमांड परत बोलावण्याची पद्धतही तिथलीच. ब्रायन फॉक्स यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेल्या बॅशने (१९८९) ती उचलली. पुढील माहिती बॅशची आहे.

‘हिस्टरी गायब झाली’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा बिघाड नसतोच. हिस्टरी दोन ठिकाणी असते: चालू शेलच्या मेमरीत आणि होम डिरेक्टरीतल्या ‘.बॅश_हिस्टरी’ या लपवलेल्या फाइलीत. शेल सुरू होताना फाइल वाचली जाते आणि बंद होताना लिहिली जाते. मधल्या काळात दोघांचा संबंध नसतो. त्यामुळे एका टर्मिनलमध्ये टाकलेली कमांड शेजारच्या टर्मिनलमध्ये बाण दाबून सापडत नाही. शेलला ‘किल -९’ने मारले किंवा वीज गेली, तर त्या बैठकीतले (सेशनमधले) काहीच फाइलीत उतरत नाही. ‘हिस्टअपेंड’ हा पर्याय चालू नसेल तर बाहेर पडताना फाइल नव्याने लिहिली जाते, असे मॅन्युअल सांगते. म्हणून तो चालू ठेवलेला बरा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे ‘प्रॉम्प्ट_कमांड’ या व्हेरिएबलमध्ये ‘हिस्टरी -ए’ घालणे. मग प्रत्येक कमांडनंतर नवी ओळ लगेच फाइलीत जाते. दुसऱ्या टर्मिनलमधली भर आपल्याकडे ओढायला ‘हिस्टरी -एन’ लागते.

मोजक्याच कमांड गाळल्या जात असतील तर आधी ‘हिस्टकंट्रोल’ या व्हेरिएबलची किंमत (व्हॅल्यू) पाहावी. उबुंटू या लिनक्सच्या मूळ ‘.बॅशआरसी’त (बॅश सुरू होताना वाचते त्या सेटिंगच्या फाइलीत) ती ‘इग्नोरबोथ’ असते: लागोपाठ आलेली तीच कमांड पुन्हा नोंदली जात नाही आणि स्पेसने सुरू होणारी तर मुळीच नाही. वेबपानावरून कॉपी केलेल्या ओळीच्या सुरुवातीला बऱ्याचदा एक स्पेस चिकटून येते. कमांड नीट चालते, पण हिस्टरीत तिचा मागमूस नसतो, आणि माणूस तासभर फाइल तपासत बसतो.

जुन्या नोंदी कापल्या जाण्याचे कारण वेगळे. मेमरीतली मर्यादा ‘हिस्टसाइझ’ ठरवते, फाइलीतली ‘हिस्टफाइलसाइझ’. बॅशची मूळ मर्यादा ५००. उबुंटूत अनुक्रमे १००० आणि २०००. इथे एक खोच आहे. मर्यादा ‘.बॅशआरसी’त कितीही वाढवली, तरी ती फाइल न वाचता बॅश एकदा जरी सुरू झाले (‘--नोआरसी’ देऊन, उदाहरणार्थ), तर बाहेर पडताना तीच हिस्टरी फाइल ५०० ओळींवर छाटली जाते. म्हणून जाणकार ‘हिस्टफाइल’लाच वेगळे नाव देतात, मूळ मर्यादेच्या शेलला त्या फाइलीचा पत्ताच नसतो.

एकही नवी नोंद टिकत नसेल तर ‘एलएस -एल’ने फाइलीचा मालक पाहावा. सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवण्याची सोय) वापरताना ती रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, नावावर गेलेली असू शकते. ‘चोन’ने (मालक बदलण्याची कमांड) परत घ्यावी. डिस्क किंवा कोटा (वापरकर्त्याला दिलेली जागा) भरला आहे का, हेही तेव्हाच पाहावे. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये व्यवस्था थोडी वेगळी आहे: ‘हिस्टफाइल’ आणि ‘सेव्हहिस्ट’ दोन्ही दिल्याशिवाय तिथे फाइल लिहिली जात नाही.

कंट्रोल-आरने मागे शोधता येते, पण पुढे शोधायला कंट्रोल-एस दाबले की टर्मिनल गोठल्यासारखे होते. ती जुन्या फ्लो कंट्रोलची (पडद्यावरचा मजकूर थांबवण्याची) कळ आहे. कंट्रोल-क्यूने सुटका होते, आणि ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ने ती त्या टर्मिनलपुरती शोधासाठी मोकळी करता येते.

चुकून टाकलेला पासवर्ड ‘हिस्टरी -डी’ने फक्त मेमरीतून जातो. तो आधीच फाइलीत पोचला असेल तर पाठोपाठ ‘हिस्टरी -डब्ल्यू’ करावे लागते. ज्याला स्वतःची नोंद इतक्या सहज पुसता येते, त्याची हिस्टरी चौकशीत पुरावा म्हणून धरू नये. सर्व्हरवर त्यासाठी ऑडिटडीसारखी (लिनक्सवरील घडामोडींची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) स्वतंत्र व्यवस्था लागते.