मांजराच्या रक्तातला हिमोप्लाझ्मा: काचपट्टीपासून पीसीआरपर्यंत

हिरड्या पांढऱ्याफटक, अंगात ताप, पुढ्यातल्या बांगड्याकडेही न बघणारं मांजर. अशा पंडुरोगामागे हिमोप्लाझ्मा असू शकतो. तांबड्या पेशीला बाहेरून चिकटणारा हा जीवाणू १९४२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत क्लार्क यांनी नोंदवला. १९५३ मध्ये अमेरिकेत फ्लिंट आणि मॉस यांनीही तो मांजरांत दाखवला. पुढे त्याला हिमोबार्टोनेला फेलिस म्हणू लागले.

त्यानंतर कित्येक वर्षं रोगनिदान फक्त रक्ताचा पातळ थर देऊन रंगवलेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या काचपट्टीवर चाललं. इतर जीवाणूंसारखं कल्चर (पोषक माध्यमात वाढवणं) करावं, तर हा प्रयोगशाळेत वाढतच नाही. काचपट्टी मात्र फसवते. जंतू रक्तात सतत सारखे नसतात. सकाळी दिसलेले संध्याकाळी गायब होऊ शकतात. ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत रक्त काही तास राहिलं, की ते पेशींवरून सुटतात. म्हणून सुईतला ताजा थेंब तिथेच काचेवर ओढायचा.

कोकणात त्यात दमट हवेची भर. आषाढात पातळ थरही लवकर सुकत नाही आणि पेशींवर चकाकणारी वर्तुळं उमटतात. नवख्याला ती जंतूच वाटतात. खरा जंतू जिम्सा या रंगद्रव्यात जांभळट रंग घेतो. ही वर्तुळं रंग घेत नाहीत, फोकस हलवला की लकाकतात. काचपट्टी ओढल्याबरोबर जोरात हलवून सुकवावी. थर काचेवर पक्का करणाऱ्या मिथेनॉलची बाटली उघडी ठेवू नये, ते हवेतलं पाणी ओढतं आणि तोच दोष पुन्हा येतो. रंगाचा साका आणि हॉवेल-जॉली कण (तांबड्या पेशीत उरलेले केंद्रकाचे तुकडे) हेही नेहमीचे फसवे.

१९९८ मध्ये या जंतूसाठी पीसीआर चाचणी, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, आली आणि चित्रच पालटलं. एकाच नावाखाली वेगवेगळे जंतू निघाले. ते आधी मानलं जायचं तसे रिकेट्सिया या जीवाणूगटाचे नव्हे, तर पेशीभित्तिका नसलेल्या मायकोप्लाझ्मा जीवाणूंचे नातलग ठरले. मोठा आणि जास्त घातक तो मायकोप्लाझ्मा हिमोफेलिस. लहान हिमोमिन्युटम एकटा असला तर सहसा आजार आणत नाही. स्वित्झर्लंडमधल्या मांजरात सापडलेला ट्युरिसेन्सिस २००५ मध्ये तिसरा म्हणून नोंदला गेला.

आता पीसीआरसाठी ईडीटीएच्या नळीत अर्धा ते एक मिली रक्त पुरतं. हेपॅरिन या दुसऱ्या साकळरोधकाची नळी टाळावी, ते पीसीआरची क्रिया अडवतं. नमुना डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करण्याआधीच घ्यावा. दोन-चार गोळ्यांनंतर जंतू इतके घटतात की अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. गावाहून मुंबई-पुण्याला पाठवताना नळी बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नये, मध्ये कापड ठेवावं. रक्त गोठलं तर पेशी फुटतात. सोबत दोन न रंगवलेल्या काचपट्ट्या द्याव्यात.

अहवाल पॉझिटिव्ह आला, तरी धडधाकट मांजरही वाहक असू शकतं. म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि काचपट्टी सोबत वाचल्याशिवाय औषध ठरवू नये.