मागचंच चाक का?

'सायकलस्वार ट्रकच्या मागच्या चाकाखाली सापडला.' हे वाक्य बातम्यांत इतक्या वेळा येतं की त्यातल्या 'मागच्या' या शब्दाकडे आपलं लक्षच जात नाही. खरं तर पुढचं चाक आधी येतं. मग माणूस मागच्या चाकाखाली कसा जातो? 'ट्रकच्या वाऱ्याने ओढून घेतलं', 'वेळ आली होती' ही नेहमीची उत्तरं ऐकली की मला चीड येते. ताशी १० किलोमीटर वेगाने वळणाऱ्या ट्रकच्या बाजूला माणसाला ओढून नेईल असा वारा तयारच होत नाही. आणि 'वेळ आली होती' म्हटलं की पुढचा सगळा विचार थांबतो. खरं उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे.

आधी सायकलच घ्या. टायर ओले करून कोरड्या जमिनीवर एक वळण मारा, खाली उतरा आणि उमटलेले ठसे बघा. एकाऐवजी दोन रेषा दिसतील, आणि मागच्या चाकाची रेषा वळणाच्या आतल्या बाजूला असेल. हँडल फक्त पुढचं चाक वळवतं. मागचं चाक त्याच्या मागून येताना कोपरा कापतं. सायकलीत हा फरक वीतभर असतो. ट्रकमध्ये तो किती होतो ते पाहू.

वळणाचा केंद्रबिंदू, मागच्या एक्सलचा (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचा) मध्य आणि पुढच्या एक्सलचा मध्य जोडले की काटकोन त्रिकोण तयार होतो, आणि काटकोन मागच्या एक्सलपाशी येतो. दोन एक्सलमधलं अंतर ६ मीटर आणि पुढच्या एक्सलची वळणाची त्रिज्या १० मीटर असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार मागच्याची त्रिज्या ८ मीटर. म्हणजे मागची चाकं २ मीटर आतून जाणार, अख्खी सायकल आडवी मावेल एवढ्या जागेवरून! ट्रेलर जोडलेला असेल तर आणखी एक वर्ग वजा करायचा. ओढणारी गाडी ४ मीटर, ट्रेलर ८ मीटर, पुढची त्रिज्या १२ मीटर धरा: १४४ वजा १६ वजा ६४, उरले ६४, वर्गमूळ ८. फरक ४ मीटर! (नव्वद अंशांच्या वळणात गाडी लवकर सरळ होते, त्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो.)

चालकाला हे सवयीने माहीत असतं. कोपऱ्यावर मागची चाकं चढू नयेत म्हणून तो गाडी आधी बाहेरच्या बाजूला घेतो. त्यामुळे कडेला मोकळी जागा पडते, आणि मागून येणाऱ्या सायकलस्वाराला वाटतं, ट्रक बाजूला झाला, वाट मिळाली. तो आत शिरतो आणि पुढच्या चार-पाच सेकंदांत ती जागा पाचरीसारखी निमुळती होत बंद होते. डावीकडून वाहतूक चालते त्या देशांत हे डाव्या वळणावर घडतं, उजवीकडून चालते तिथे उजव्या.

यात जोराची धडक अशी नसतेच. खांद्याला ट्रकची बाजू लागते, तोल जातो, माणूस दोन एक्सलमधल्या मोकळ्या जागेत पडतो. २० टनांच्या ट्रकचा वेग एवढ्याने हजारात पाच भागही कमी होत नाही, त्यामुळे चालकाला धक्का जाणवेलच असं नाही.

इजाही म्हणूनच वेगळी असते. फिरतं टायर नुसतं दाबत नाही, त्वचेला पुढे खेचतं. खालचा स्नायू जागेवर राहतो, त्वचा सरकते, आणि दोघांना जोडणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. डॉक्टर याला डीग्लोव्हिंग म्हणतात, म्हणजे हातमोजा उतरावा तशी त्वचा सुटणं. कधी वरून कातडी अखंड दिसते आणि आत रक्त साचत जातं. कंबरेच्या हाडांचं कडं मोडलं असेल तर पोटाच्या तळाशी लिटरांनी रक्तस्राव होतो, बाहेर थेंबही न दिसता. 'लागलेलं फारसं दिसत नाही' म्हणून अशा माणसाला उठवून बसवणं धोक्याचं आहे.

हेल्मेट जरूर घालावं. पण युरोपीय मानकात ते सपाट पृष्ठभागावर दीड मीटर उंचीवरून आपटून तपासतात. ते पडण्यासाठी बनवलेलं आहे, टनांच्या भारासाठी नाही. हेल्मेटला सर्वरोगहारी म्हणणाऱ्या जाहिरातींनी ट्रकच्या रचनेकडे दुर्लक्ष होतं. दोन एक्सलमधली ती मोकळी जागा बंद करणाऱ्या बाजूच्या आडव्या पट्ट्या माणसाला आत पडू न देता बाहेर ढकलतात. लंडनने १२ टनांवरच्या ट्रकना चालकाला थेट काचेतून किती दिसतं यावर शून्य ते पाच तारे द्यायला सुरुवात केली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून किमान अट एका ताऱ्यावरून तीनवर नेली. तारे कमी असतील तर ट्रकवर कॅमेरे आणि सेन्सर बसवावे लागतात, आणि त्या सेन्सरला रस्त्याकडेचा खांब आणि सायकलवरचा माणूस यांतला फरक कळावा लागतो.