गॅरेजमधल्या ‘गॅस भरून टाकू’मागचा इतिहास

मार्च लागला की गाडीच्या एसीच्या तक्रारी सुरू होतात आणि बऱ्याच गॅरेजांत पहिलं उत्तर ठरलेलं असतं: गॅस कमी झालाय, भरून टाकू. दरवेळी यात लबाडीच असते असं नाही. एके काळी हे उत्तर बहुतेकदा बरोबर असायचं. एसी तपासायच्या आपल्याकडच्या बऱ्याच रीती आर-12 या थंडावा देणाऱ्या गॅसच्या जमान्यात घडल्या. पुढे गॅस बदलला, तो दाबून फिरवणारे कॉम्प्रेसर बदलले. हाताचं वळण तेच राहिलं.

कारखान्यातूनच एसी बसवून देण्याची सुरुवात केली अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने, 1940 च्या मॉडेलपासून. त्याचे 274 डॉलर जादा पडत आणि डिकीची बरीचशी जागा जाई. कॉम्प्रेसरला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा-सोडवणारा क्लचच नव्हता. एसी नको असेल तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा! दोनेक वर्षांत पॅकार्डने हा नाद सोडला. 1953-54 च्या सुमारास क्रायस्लर, नॅश वगैरेंनी तो पुन्हा धरला आणि नॅशने यंत्रणा मागून पुढे, इंजिनाजवळ आणली. पुढे विजेवर चालणारा क्लच रुळला आणि मेकॅनिकला पहिली सोपी चाचणी मिळाली: बटण दाबायचं आणि ‘टक’ ऐकायचं.

आर-12 हा गॅस थॉमस मिज्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1928 मध्ये शोधला. तो विषारी नाही आणि पेटतही नाही, हे पटवायला मिज्लींनी 1930 मध्ये भर सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. मेकॅनिकच्या दृष्टीनेही हा गॅस मोठा सोशिक. गॅसमधली ओल शोषणाऱ्या डब्यावर, म्हणजे ड्रायरवर, छोटी काच असे. तिच्यातून बुडबुडे दिसले की गॅस कमी. काच स्वच्छ झाली की भरणं थांबवा. वजनकाट्याची गरज वाटत नसे, कारण मोठ्या गाड्यांत किलोभराहून जास्त गॅस मावायचा आणि थोडं इकडेतिकडे खपून जायचं. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून थोडा गॅस झिरपणारच, हेही गृहीत धरलेलं. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी भर घालायची. लीकेज शोधायला एक खास दिवा असे. गॅसमधलं क्लोरीन ज्योतीत आलं की ती हिरवी होई.

हेच क्लोरीन पुढे अंगाशी आलं. ते वरच्या वातावरणातला ओझोन खातं, हा इशारा मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दिला. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राची बातमी आली आणि 1987 मध्ये असे गॅस आवरण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात 1992 मध्ये सामील झाला. 1990 च्या दशकात गाड्या आर-134ए कडे वळल्या.

गॅरेजच्या सवयी आणि गाडी यांची फारकत झाली ती इथे. नव्या गॅसमध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे हिरव्या ज्योतीचा दिवा निकामी. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर आणि अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग आला. जुनं खनिज तेल या गॅसमध्ये मिसळत नाही, म्हणून पीएजी हे कृत्रिम तेल आलं. ते हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे यंत्रणा उघडल्यावर नीट व्हॅक्यूम मारणं (आतली हवा आणि ओल पंपाने खेचून काढणं) आणि ड्रायर बदलणं महत्त्वाचं झालं. दोन गॅस चुकून एकत्र होऊ नयेत म्हणून भरण्याची तोंडंही मुद्दाम वेगळी केली. आणि काच? आर-134ए मध्ये गॅस नेमका असतानाही बुडबुडे दिसू शकतात. ते जाईपर्यंत भरत राहिलं की गॅस जास्त होतो आणि कूलिंग उलट घटतं.

त्यात लहान गाड्यांत आता साधारण 400-500 ग्रॅमच गॅस असतो. पन्नास ग्रॅमची चूकही जाणवते, म्हणून उरलेला काढून, व्हॅक्यूम करून, बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलाय तेवढाच वजन करून भरायचा. गाडी बंद असताना नुसता गेज लावून ‘प्रेशर बरोबर आहे’ म्हणणं तर निव्वळ फसवं. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी प्रेशर तापमानावर ठरतं. 30 अंशांना ते 95 ते 100 पीएसआयच्या घरात दिसेल, मग आत दीडशे ग्रॅम असो की पाचशे.

आपल्याकडे अँबॅसिडर-पद्मिनीच्या डॅशबोर्डखाली बाजारातून आणलेला एसी बसवला जाई, तेव्हापासून ही विद्या हातोहात पसरली. 1985 मध्ये सुझुकी आणि डेन्सो यांच्या भागीदारीने सुब्रोस ही कंपनी सुरू झाली, मारुतीचे एसी देशात बनू लागले. पण कोपऱ्यावरचा मेकॅनिक शिकला तो उस्तादाच्या हाताखालीच.

दरम्यान ‘टक’ ऐकायची चाचणीही डळमळीत झाली. गरजेप्रमाणे कमी-जास्त काम करणारे कॉम्प्रेसर आले. त्यातल्या काहींना क्लचच नसतो, आवाज येणार कुठून? इलेक्ट्रिक गाडीत पट्टाही नाही. तिथला कॉम्प्रेसर बॅटरीच्या उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्यात सहसा वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. सवयीने पीएजी ओतलं तर इन्सुलेशन बिघडतं आणि दुरुस्ती भलत्याच आकड्यावर जाते.

गॅसही पुन्हा बदलतो आहे. आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त भारी. युरोपात 2017 पासून नव्या गाड्यांत तो चालत नाही. तिथे आर-1234वायएफ रूढ झाला, जो किंचित ज्वलनशील आहे. मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला अशा गॅसांचा वापर 2028 मध्ये गोठवायचा आणि 2032 पासून कमी करायचा आहे. तोवर आर-134ए गॅरेजांत राहीलच, पण शेजारी दुसरा सिलिंडर येईल आणि त्यासाठी वेगळं मशीन व वेगळी तोंडं लागतील.