उडण्याआधी पोटातली हवा काढा

सुटी संपवून लेहला परतणाऱ्या खान्देशी फौजीच्या बॅगेत केळीच्या वेफर्सचं पाकीट असतंच. लेह ३,५०० मीटरवर. तिथे पोचेपर्यंत पाकीट तट्ट फुगतं, कारण बाहेरचा दाब उतरला की आतली हवा पसरते. पाकिटाचं ठीक आहे. जखमी लष्करी श्वानाला विमानानं हलवताना हेच त्याच्या पोटात झालं तर जिवावर बेततं.

जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत कधीकधी जठर वायूनं फुगून पीळ खातं. फुगलेलं जठर मोठ्या शिरा दाबतं आणि हृदयाकडे रक्त परतेनासं होतं. त्यात प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांशापर्यंत उतरू शकतो. कोंडलेला वायू तेवढ्यानं एक-तृतीयांश जास्त जागा मागतो. हेलिकॉप्टरमध्ये तर बहुधा दाब राखायची सोयच नसते. म्हणून उड्डाणाआधी तोंडातून नळी घालून वायू काढतात. नळी उतरत नसेल, तर बरगड्यांमागे जाड सुई टोचतात. गोळी लागून छातीत हवा साठली असेल, तर तीही जमिनीवरच काढायची.

दुसरा वैरी उष्मा. भुसावळचा मे महिना काढलेल्यांना तो काय सांगावा! कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांनाच. बाकी भिस्त धापा टाकण्यावर. बंद, दमट केबिनमध्ये जिभेवरचं पाणी उडत नाही, मग धापाही फुकट. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंश. ४१ च्या पुढे गेलं की आतडी, मूत्रपिंडं, मेंदू सगळ्यांवर घाव. अशा कुत्र्याला आधी पाण्यानं भिजवायचं, वारा घालायचा, मगच हलवायचं. गडबडीत आपण नेमकं उलटं करतो, आधी गाडी काढतो. साडेएकोणचाळीसच्या आसपास आलं की पाणी थांबवायचं, नाहीतर अंग गरजेपेक्षा गार पडतं.

रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाऐवजी जिभेला लावतात. माणसाची वेदनाशामकं मात्र सरसकट चालत नाहीत. आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषच.

राहिली मुसकी. वेदनेत गरीब कुत्रंही चावतं, पण तोंड आवळलं तर धाप कशी लागणार? म्हणून जबडा उघडता येईल अशी जाळीदार मुसकी वापरतात आणि शक्यतो त्याचा हँडलर सोबत बसवतात.