पार्श्वभूमी : घनसाळचा वास येतो कुठून

आजरा घनसाळ या सुवासिक भाताला २०१६ ला जीआय टॅग (ठराविक भागातल्या मालाची अधिकृत ओळख) मिळाला, पण त्या वासामागची गोष्ट सुरू होते बर्लिनमध्ये, ते पण मळीपासून. फेलिक्स एर्लिख नावाचा केमिस्ट बीटच्या साखरेची मळी तपासत होता, त्यात त्याला १९०४ मध्ये आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांची वीट) सापडलं, आणि १९०७ ला त्याने दाखवलं की यीस्ट अमिनो आम्लातला नायट्रोजन तेवढा काढून घेतं आणि उरलेल्याचं वासाचं अल्कोहोल करून बाहेर टाकतं. (मळी आणि डिस्टिलरी, कोल्हापूरकरांना काय सांगायचं!)

झाडं पण असलंच काहीतरी करतात, एन्झाइम्स (पेशीतल्या क्रिया घडवणारी प्रथिनं) वेगळी. पिकलेल्या केळाचा वास ल्युसिनमधून, गुलाबाचा बराचसा फेनिलअॅलानिनमधून, लसणाचा सिस्टिनमधून, ही सगळी अमिनो आम्लंच.

भाताचं कोडं मात्र १९८२ पर्यंत सुटलं नव्हतं. कॅलिफोर्नियातले बटरी आणि लिंग, सोबत फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेतले हुलियानो, यांनी सुवासिक भातातला मुख्य पदार्थ पकडला, २-अॅसिटिल-१-पायरोलीन. पाण्याच्या १ अब्ज भागात ०.१ भाग असला तरी नाकाला कळतो. मग २००२ ला योशिहाशी यांच्या टीमने थायलंडच्या जास्मिन भातावर खुणेचा (माग काढता येईल असा) नायट्रोजन वापरून दाखवलं की यातला नायट्रोजन प्रोलिन या अमिनो आम्लाकडून येतो, आणि हा पदार्थ शिजवताना तयार होत नाही, तो रोपातच असतो. शिवारातनं जाताना घमघमाट येतो तो उगाच नाही.

खरी मजा २००५ ची. ऑस्ट्रेलियात ब्रॅडबरी आणि मंडळींना आठव्या क्रोमोसोमवर बीएडीएच२ हा जीन सापडला, बासमती आणि जास्मिनमध्ये त्यातली डीएनएची ८ अक्षरंच गायब. म्हणजे वास हा बिघाड आहे ओ! चालू जीन असला की त्याचं एन्झाइम कच्चा माल गाबा या दुसऱ्याच, बिनवासाच्या पदार्थाकडे वळवतं, ते बंद पडलं की कारखान्याचा गेट बंद झाल्यावर ऊस गुऱ्हाळाला जावा तसा तो माल वासाच्या पदार्थाकडे जातो.

बिघडलेला जीन आईबापाकडून दोन्ही बाजूंनी आला तरच पुरता वास येतो, त्यामुळं बिनवासाच्या भाताशी संकर झाला की पुढच्या पिढीत वास मार खातो. आणि नुसतं बी चांगलं असून पण भागत नाही, दाणा भरताना हवा गार लागते, त्या वेळी ऊन तापलं की तेच बी कमी वास देतं.