नागपुरातली सौर सहकारी संस्था: दोन कायद्यांची पार्श्वभूमी

दहा-वीस जण मिळून सौर प्रकल्पाची सहकारी संस्था काढायचे ठरवतात, तेव्हा उपविधींचा, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत नियमांचा, पहिला मसुदा बहुधा एखाद्या जुन्या संस्थेच्या कागदावरून उतरवलेला असतो. उद्देशाच्या कलमात ‘वीज निर्मिती, वितरण व विक्री’ असे सहज लिहून होते. त्यातले वितरण आणि विक्री पुढे नडतात. ते का, हे कळायला सहकाराचा आणि विजेचा असे दोन कायदे कसकसे बदलत आले ते पाहावे लागते.

सहकाराचा कायदा जुना. १९०४ चा कायदा पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर संस्थांनाही वाट करून दिली. मुंबई इलाख्याने १९२५ मध्ये स्वतःचा कायदा केला, पण नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी, त्यामुळे तो इथला नव्हता. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर झालेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० साऱ्या राज्याला एकच ठरला. नोंदणी आजही त्याच कायद्याखाली होते. कलम ६ प्रमाणे किमान दहा व्यक्ती लागतात, त्या वेगवेगळ्या कुटुंबांतल्या आणि कार्यक्षेत्रात राहणाऱ्या. बाप-लेक दोघे प्रवर्तकांच्या यादीत असले की अर्ज तिथेच अडतो.

विजेच्या कायद्यात मात्र सहकाराला बराच काळ जागा नव्हती. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याच्या कलम ४४ मुळे नवे वीजनिर्मिती केंद्र उभारायला वीज मंडळाची संमती घ्यावी लागे. अपवाद केला तो वितरणात. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या पाठबळावर देशात पाच ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा प्रयोग सुरू झाला. त्यांतली एक म्हणजे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातली मुळा-प्रवरा. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि सभासदांना पुरवायची, असे तिचे काम होते. शेतीपंपांचा मोठा भार, कमी वसुली आणि घाऊक विजेची वाढत गेलेली थकबाकी यांत ती अडकली. २०११ मध्ये परवान्याची मुदत संपली आणि तो भाग महावितरणकडे गेला. सहकारी वितरणाचा विषय निघाला की अधिकाऱ्यांना पहिली आठवण हीच येते. ती सौर संस्थेला लावणे तसे अन्यायाचेच, कारण सौर संस्थेला वितरणात उतरायची गरजच नाही.

ही गरज विद्युत अधिनियम, २००३ ने संपवली. कलम ७ आणि ९ मुळे निर्मितीला आणि स्ववापराच्या प्रकल्पाला परवाना लागत नाही. कलम २(८) मधली स्ववापर प्रकल्पाची व्याख्या तर मुळातून वाचावी: सहकारी संस्थेने मुख्यतः आपल्या सभासदांच्या वापरासाठी उभारलेला प्रकल्प तिने स्पष्ट शब्दांत आत घेतला आहे. उलट कलम १२ प्रमाणे वितरण आणि व्यापाराला परवाना लागतोच. म्हणून उद्देशात ‘सभासदांच्या स्ववापरासाठी सौर वीजनिर्मिती’ असे लिहावे आणि ‘वितरण’ गाळावे.

या व्याख्येला आकडे दिले ते २००५ च्या विद्युत नियमांतल्या नियम ३ ने. मालकीत वापरकर्त्यांचा वाटा किमान २६ टक्के हवा आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनीच वापरायला हवी. व्यक्तींच्या अन्य समूहांत प्रत्येकाने मालकीच्या प्रमाणात, दहा टक्क्यांच्या फरकात, वीज वापरावी लागते. सहकारी संस्थेला मात्र या अटी सर्व सभासदांनी मिळून पूर्ण केल्या तरी चालतात. कंपनी काढण्याऐवजी सहकारी संस्था काढण्याचे सर्वात भक्कम कायदेशीर कारण हेच, आणि सल्लागार ते क्वचितच सांगतात.

हिशेब करून पाहा. १०० किलोवॅटचा प्रकल्प वर्षाला साधारण १,४०,००० युनिट देतो असे धरू. ५१ टक्के म्हणजे ७१,४०० युनिट. नागपूरजवळच्या हिंगण्यातले दहा छोटे कारखानदार महिन्याला प्रत्येकी ६०० युनिट घेत असतील, तर वर्षाचे ७२,००० होतात. अट जेमतेम पुरी. एकाने शटर ओढले की ६४,८००. त्या वर्षाची सगळी वीज, फक्त कमी पडलेली नव्हे, सामान्य निर्मिती कंपनीने पुरवलेली धरली जाते आणि क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या सवलतीच्या दरांची भरपाई म्हणून घेतला जाणारा आकार) मागे लागतो. त्यामुळे सभासदांचा वापर ७० टक्क्यांच्या आसपास धरूनच प्रकल्पाचा आकार ठरवावा. दुसरी अडचण नावांची. वीजबिलावर वडिलांचे किंवा फर्मचे नाव आणि ‘आय’ नमुन्याच्या सभासद नोंदवहीत मुलाचे, असे असले तर तो वापर सभासदाचा म्हणून दाखवता येत नाही. नाममात्र सभासदाला मत नाही, नफ्यात वाटा नाही. त्याच्या युनिटांवर विसंबू नये.

महावितरणच्या तारांतून वीज न्यायची तर ओपन ॲक्सेस, म्हणजे त्या तारा वापरण्याची परवानगी, लागतो. त्यासाठी किमान भाराची मर्यादा पूर्वी १ मेगावॅट होती. केंद्राच्या जून २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी ती १०० किलोवॅटवर आणली आणि स्ववापर करणाऱ्यांना भाराची अटच ठेवली नाही. अतिरिक्त अधिभारही स्ववापरावर लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ठरवले. वहन आकार (तारा वापरण्याचे शुल्क) मात्र द्यावा लागतोच, आणि १५-१५ मिनिटांची नोंद ठेवणारे मीटर प्रत्येकाकडे हवे. महिन्याला २०० युनिटांच्या घराला हा खर्च परवडत नाही. त्यामुळे निव्वळ घरगुती गटाने हा मार्ग धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांनी आपापल्या छतावर नेट मीटरिंग (तारांत दिलेली वीज बिलातून वजा होण्याची सोय) घ्यावे, संस्थेने एकत्र खरेदी आणि देखभाल करावी. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंतच सौर जोडणी मिळे. २०१९ मध्ये ती मर्यादा ७० टक्के झाली. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीविना मान्य धरला जातो. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, घरामागे ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅटपर्यंत. नागपुरात बऱ्याच इमारती गृहनिर्माण संस्था नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. तिथे गच्ची सर्व सदनिकाधारकांची सामाईक मालमत्ता असते. इमारतीचे नोंदवलेले घोषणापत्र न वाचता अध्यक्षांच्या एका सहीवर करार करू नये.

जमिनीवर प्रकल्प असेल तर विदर्भाचा स्वतंत्र इतिहास आडवा येतो. इथे १९५८ चा विदर्भ कूळवहिवाट कायदा चालतो. त्याच्या कलम ८९ मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर, तशीच भाडेपट्ट्याने देण्यावरही निर्बंध आहेत. पश्चिम महाराष्ट्रात हेच काम १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याचे कलम ६३ करते; पुण्याहून आणलेल्या नमुना करारात म्हणूनच कलम चुकीचे असते. सातबारावर भोगवटादार वर्ग-२ (हस्तांतरणावर बंधन असलेली जमीन) असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा. २५ वर्षांच्या करारात ‘पुढे आणखी १० वर्षे’ असे घातले की नूतनीकरणाची मुदतही मोजली जाते, करार २९ वर्षांपलीकडे जातो आणि मुद्रांक शुल्क वरच्या टप्प्याने लागते.

नोंदणीच्या फायलीत नमुना ‘अ’, उपविधींच्या चार प्रती, सभासदांची यादी आणि बँकेचा दाखला असतोच. उपनिबंधकांचे लक्ष मात्र संस्था आर्थिकदृष्ट्या कशी चालेल हे दाखवणाऱ्या योजनेवर असते. तिच्यात वरचा युनिटांचा हिशेब, इन्व्हर्टर बदलण्याची तरतूद आणि सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ६६ प्रमाणे नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला, हे आकड्यांत मांडावे. लाभांश १५ टक्क्यांहून जास्त दाखवू नये. त्याच कायद्याचे कलम ६७ आडवे येते.

वाद झालाच तर दार कोणते ठोठवायचे हेही आधी ठरवून ठेवावे. सभासद ग्राहक म्हणून बिलाबद्दल तक्रार करतो तेव्हा ती ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाते आणि मंचाच्या आदेशानंतर ६० दिवसांत नागपुरातल्याच विद्युत लोकपालांकडे. संस्था निर्मिती करणारी म्हणून महावितरणशी भांडते तेव्हा तो वाद विद्युत अधिनियमाच्या कलम ८६(१)(फ) खाली मुंबईत राज्य आयोगापुढे जातो. मंचाकडे नेला तर काही महिने वाया जातात. विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दावा लढवणाऱ्या पात्र व्यक्तीला मिळते, उपविधी लिहून घ्यायला नाही. तेवढ्यासाठी सहकार आणि वीज दोन्ही कळणारा वकील नोंदणीच्या आधीच नेमावा आणि त्याचे शुल्क प्रकल्पखर्चात धरावे.